गौरीपुढच्या पाच बहिणी

इंदुताई उदगीरकर आमच्या मागच्या घरात राहायच्या. नारायणगुड्याच्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे फ्रेंचवाल्या टीचर म्हणत. आमचे हे त्यांना मादाम म्हणत, तेही त्यांच्या तोंडावर, आणि त्या डोळे वटारून म्हणायच्या, "सुधीरराव, उच्चार चुकला." मी त्यांना इंदुताईच म्हणायची. त्या मला विमलवहिनी म्हणायच्या. वयाने माझ्याहून मोठ्या, पण लग्न केलं नव्हतं, म्हणून असेल, मानाने मलाच मोठी धरायच्या.

त्यांचे वडील जुन्या हैदराबादेतले वकील. घरात उर्दू, फारसी, मराठी सगळं होतं. शाळेत एका वयस्कर सिस्टरने इंदुताईंना फ्रेंचची गोडी लावली, आणि वडिलांनी "शिक, पुढचं पुढे बघू" एवढंच म्हटलं. मग युनिवर्सिटी, मग हिमायतनगरच्या मुलींच्या शाळेत नोकरी. फ्रान्स त्यांनी कधी पाहिलं नाही. पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. रविवारी कोठीला जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्या उभ्या असायच्या, आणि पानं सुटलेली, पाणी लागलेली फ्रेंच मासिकं घेऊन यायच्या. येताना ऑटोवाल्याशी "नक्को भाई, उतना नक्को" असं अस्सल हैदराबादी भांडण व्हायचं. ते ऐकून कुणालाही वाटलं नसतं की ही बाई परदेशी भाषा शिकवते.

शिकवायच्या मात्र कडक. माझी भाची एक वर्ष त्यांच्या वर्गात होती. ती सांगायची, मावशी, त्या फळ्यावर तक्ते लिहितात आणि आम्ही पाठ करतो. चुकलं की पुन्हा पाठ. हसायचं नाही. घरी माझ्या ओट्याजवळ बसून कैरी किसणाऱ्या इंदुताई आणि शाळेतल्या इंदुताई एकच, हे तिला पटायचं नाही.

चौऱ्याण्णव साल असेल. गल्लीत एकेक घरावर डिशच्या तारा आल्या होत्या, अमीरपेठेत कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, आणि जो तो मुलांना त्यात घालत होता. त्या चैत्रात एका संध्याकाळी इंदुताई आल्या त्या चप्पल न काढताच उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातून असं कधी झालं नव्हतं.

"काय झालं?"

"फ्रेंच बंद करायलेत, वहिनी."

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. हेडमिस्ट्रेस वसुंधरा मॅडमनी सांगितलं होतं की जूनपासून शाळेत कॉम्प्युटर येणार. आठवीपासून मुलींनी फ्रेंच घ्यायचं किंवा कॉम्प्युटर. सुट्टी संपेपर्यंत फ्रेंचला पुरेशा मुली झाल्या तर ठीक, नाही तर फ्रेंचची खोली कॉम्प्युटरला. तिथे गार हवेची मशीन बसणार, चपला बाहेर काढून आत जायचं.

"देवघरासारखं," मी म्हटलं.

"हो ना! माझ्या वर्गात कुणी चपला काढल्या नाहीत कधी."

"मग तुम्ही काय करायचं?"

"मला लायब्ररीत बसवणार. पुस्तकांना कव्हरं घालायला." मग म्हणाल्या, "दुसरं मला काही येत नाही, वहिनी. मी दुसरं काही केलंच नाही."

आमचे हे आतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "मादाम, मुलींच्या आयांना पटवा. फी भरतात त्या, ऐकतील त्या."

"आया मला भेटणार कुठे? मीटिंगला कुणी येत नाही."

तेव्हा मीच बोलून गेले, की माझ्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला सगळ्याच येतात. आमच्याकडे हळदीकुंकू म्हणजे नुसत्या मराठी बायका नाहीत. गल्लीतल्या तेलुगू बायका, बेगम बाजारात सुक्या मेव्याची दुकानं असलेल्या मारवाडी बायका, सगळ्या येतात. कुणाच्या पायाला हळद लावायची, कुणाला नुसतं कुंकू, हे मला आता न विचारता कळतं. त्यातल्या कितीतरींच्या मुली त्याच शाळेत.

इंदुताईंच्या चेहऱ्यावर रंग आला. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरोघरी आमंत्रणं स्वतः नेऊन दिली, आणि प्रत्येकीला बजावून आल्या: ठीक सहा वाजता.

मला हसू आलं. "अहो, हळदीकुंकवाला ठीक सहा कुणी येतं का? दिवेलागणीपासून जेवणापर्यंत ये-जा चालते. बाई येते, पन्हं पिते, ओटी घेते, उठते. तिला अजून दहा घरी जायचं असतं."

"मी बोलणार आहे म्हटल्यावर थांबतील."

"शाळेत घंटा होते, इंदुताई. माझ्या घरी नाही होत."

पण त्या ऐकेनात. हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळपासून येऊन बसल्या. मी कैऱ्या किसत होते, त्या डाळ वाटत होत्या. मी विचारलं, बोलणार काय ते मला तरी सांगा, मी काही शाळेत फ्रेंच शिकले नाही, मला कळलं तर सगळ्यांना कळेल.

त्यांनी किसलेली कैरी चिमटीत घेतली. "वहिनी, ही कैरी कशी आहे?"

"आंबट."

"आता कैरी खाली ठेवा आणि नुसतं आंबट हातात घ्या."

"ते कसं घेता येईल?"

"येत नाही. पण 'आंबटपणा' म्हटलं की येतं. आंबटपणा कमी करा, आंबटपणा वाढला, असं बोलता येतं. म्हणजे शब्दाला दांडा लावला आपण, कढईला लावतात तसा. मग तो उचलता येतो. पणा हा आपला घरचा दांडा. आणि जरा सोवळ्यातला दांडा म्हणजे ता. शुद्ध, शुद्धता. नम्र, नम्रता."

मला ते फार आवडलं. रोज देवापुढे मी शांतता दे, नम्रता दे म्हणते, पण मागते आहे ते हातात धरायला एवढासा ता लागतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

"फ्रेंचमध्ये तो दांडा 'ते' आहे," त्या म्हणाल्या, "आणि तो एकदा ओळखला की इटलीत, स्पेनमध्ये, पोर्तुगालमध्ये, जर्मनीत, सगळीकडे तो ओळखीचा निघतो. एक भाषा शिकली की चार दारं अर्धी उघडतात. आयांना मला हे सांगायचं आहे. कॉम्प्युटरवाले उद्या मुलींना कुठल्या देशात पाठवतील, कुणाला ठाऊक?"

"मग हे असंच सांगा की."

"असं नाही. नीट तक्ता करून सांगते."

आणि त्यांनी खरोखरच तक्ता केला. मोठ्या पांढऱ्या कागदावर लाल रेघा मारून पाच भाषांतले शब्द. तो गौरीच्या उजव्या हाताला भिंतीवर लावला. पुढे सतरंज्या ओळीने घातल्या. गौर झोपाळ्यात बसलेली, समोर कलिंगडाची फुलं, करंज्या, बत्तासे, आणि पायऱ्यांवर दर वर्षीप्रमाणे माझ्या कोंडापल्लीच्या पाच लाकडी बाहुल्या. गौरीच्या सख्या म्हणून मी त्या मांडते. उरलेल्या कापडाचे कपडे त्यांना शिवलेले आहेत. एकीच्या डोक्यावर जाळीची ओढणी, एकीला कमरेला शेंदरी फडकं.

पाचलाच पहिली बाई आली. साडेपाचला तिघी आल्या आणि गेल्या. सहा वाजता इंदुताई तक्त्यापाशी उभ्या राहिल्या तेव्हा सतरंजीवर फक्त एक आजीबाई होत्या, त्यांना ऐकू कमी येतं. मग एकदम सात-आठजणी आल्या. इंदुताईंनी "नमस्कार, आज आपण" म्हणेपर्यंत त्यांच्या हाताला चंदन लावून झालं, गुलाबपाणी शिंपडून झालं, आणि चौघी पदराला हात पुसत उठल्याही.

सुजाता त्यांच्यातच होती. पुण्याहून वर्षभरापूर्वी आलेली, नवरा नव्या कंपनीत. तिची रसिका सातवी झालेली. सुजाता तक्त्याकडे बघून म्हणाली, "मॅडम, छान केलंय. पण खरं सांगू? आमची रसिका कॉम्प्युटरच घेणार. आमच्या पुण्यात तर आता—"

"पुण्यात सगळं आधीच झालेलं असतं," आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला. पुरुषांनी बाहेर यायचं नसतं, पण आवाजाला बंदी नसते.

सुजाता हसली. पण इंदुताईंचा चेहरा उतरला. त्या तक्त्यापासून बाजूला झाल्या आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी जाते घरी."

"आंबेडाळ वाढायला माणूस नाही," मी म्हटलं. "थांबा."

म्हणून त्या हातात वाट्या घेऊन गौरीजवळ बसल्या. तेवढ्यात किरणदेवी आल्या. बेगम बाजारात त्यांचं काजू-बदामांचं मोठं दुकान आहे, आणि त्यांना सगळ्याची चौकशी लागते. हळदीकुंकवाला आलं की आरास बघायची, नावाजायची, ही रीतच आहे. भिंतीवरच्या तक्त्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाहुल्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इंदुजी, ये पाँचों कौन हैं?"

इंदुताईंनी वाटीत डाळ घातली. एकेका बाहुलीवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "पाँचों बहनें हैं. मायके आई हैं, गौर के साथ."

"ससुराल कहाँ?"

"ही फ्रान्सला दिलेली." इंदुताई हैदराबादी हिंदीत सांगत होत्या, मी इथे आपल्या मराठीत लिहिते. "हिचं नाव 'ते'. सासरी बोलायची फार सवय राहिली नाही, एवढंसंच नाव उरलं. ही इटलीला, ता. बारीकशी आहे, पण बोलताना शेवटी ठासून बोलते. ही ओढणीवाली स्पेनला. तिथे जाऊन बोलणं मऊ झालं, त चा द झाला, दाद म्हणतात. हिची पाठची पोर्तुगालला, दादे. आणि ही फडकंवाली जर्मनीत, टेट."

"आणि आई?"

"आई लॅटिन. वारली बिचारी. पण पाचीजणी सासरी काम तेच करतात, आईने शिकवलेलं. एखादा गुण असला, म्हणजे चांगलं, शुद्ध, पक्कं, की त्याला हाताला धरून घरात आणतात आणि नाव देतात. तुमच्या मालाचा चांगलेपणा बघा. कालिते, क्वालिता, कालिदाद, क्वालिदादे, क्वालिटेट."

किरणदेवींनी कपाळाला हात लावला. "हाय, ये तो क्वालिटी है!"

"ती सहावी बहीण. इंग्लंडात दिलेली, टी. तिची बाहुली नाही ठेवली. ती तर तुमच्या दुकानातच बसलेली असते."

किरणदेवी इतक्या हसल्या की पन्हं सांडलं. आणि त्या उठल्या नाहीत. दारातून येणाऱ्या पुढच्या बाईला त्यांनीच हाक मारली, "इधर आओ, बहनों से मिलो."

मग ते सुरूच झालं. बायका येत होत्या, पाच मिनिटं बसत होत्या, आणि इंदुताईंना पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागत होतं. एरवी वर्गात दोनदा विचारलं तर चिडणारी ही बाई, पण प्रत्येक वेळी सांगणं सुटसुटीत होत गेलं. पन्ह्याचा पेला रिकामा व्हायच्या आत पाची बहिणी सासरी पोचल्या पाहिजेत, हे त्यांना जमलं. कुणी म्हणालं, मॅडम, आमच्याकडे करंट गेला की ज्या ऑफिसला फोन करतो, ते इलेक्ट्रिसिटी? तर त्या म्हणाल्या, तीही टीच, आणि गंमत म्हणजे फोन कुठल्याच देशात उचलत नसतील. कुणी विचारलं, ह्या सगळ्या मुलीच का? त्यांनी सांगितलं, पाचही घरांत हे शब्द बाईचेच धरतात, आणि आपली शुद्धतासुद्धा ती शुद्धता. आपल्या ता ची आणि त्यांच्या आईची लांबची नात्यागोत्यातली ओळख आहे, असं विद्वान लोक म्हणतात.

सुजाताने विचारलं, "जर्मनीतली पण सख्खी बहीणच?"

"सख्खी. पण त्या घरात आधीपासून घरच्या दोन लेकी आहेत, हाइट आणि काइट. घरचे शब्द त्या सांभाळतात. बाहेरगावचा पाहुणा शब्द आला की टेटला बोलावतात. स्वातंत्र्य हा घरचा शब्द, तो हाइटकडे. युनिवर्सिटी पाहुणी, ती टेटकडे."

"भावजयीच्या हाताखाली नणंदांचं राज्य," एकजण म्हणाली.

"उलटं गं, नणंदांच्या राज्यात भावजय!" दुसरी म्हणाली, आणि त्यावरून दोघींची जुंपली.

ह्यांनी आतून विचारलं, "मादाम, ह्या बहिणी एकट्या कधी दिसत नाहीत का?"

"नाही. कायम दुसऱ्या शब्दाला धरून."

"अरेरे. एकटं राहता येत नाही म्हणजे."

"मला येतं, सुधीरराव. त्यांना नाही येत." सगळ्या हसल्या. इंदुताईही हसल्या, पण गौरीकडे बघून.

वसुंधरा मॅडम आल्या तेव्हा गर्दी ओसरत आली होती. त्यांनाही आमंत्रण गेलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. दिवसभर शाळेत उभ्या राहिलेल्या, पाय सुजलेले. मी पाट दिला आणि त्यांच्या पायांना हळद लावायला बसले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा समोर रसिका होती. सुजाता कधीची निघायला घाई करत होती आणि रसिका दोन मैत्रिणींना घेऊन पायरीपाशी बसली होती. बाहुल्यांना हात लावायचा नसतो हे माहीत असल्यामुळे नुसतं बोट दाखवत होती. "ही स्पेनची. म्हणजे युनिवर्सिटी काय होईल? उनिवेर्सिदाद. आणि इटलीची? तू सांग. नाही, शेवटी ठासून म्हण!"

वसुंधरा मॅडम बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी इंदुताईंना विचारलं, "इंदुगारू, इतकी वर्षं शिकवता, वर्गात हे कधी सांगितलं नाही?"

"मला माहीत नव्हतं, मॅडम. आज सुचलं. बायका थांबत नव्हत्या."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "आमचं तेलुगू मंचितनम्? चांगुलपणा. ती तनम् कितवी बहीण?"

आता काय, म्हणून मी इंदुताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ती बहीण नाही, मॅडम. ती शेजारीण. पण रोज येते, पाटावर बसते, हक्काने पन्हं मागते."

"मग द्या," मॅडम म्हणाल्या आणि हात पुढे केला.

पन्हं पिऊन झाल्यावर त्या कामाचं बोलल्या. "खोली मी देऊ शकणार नाही. ते ठरलं आहे. आणि कॉम्प्युटर सोडून फ्रेंच घ्या असं मी आयांना सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका."

"मग राहिलं काय?" इंदुताई म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

सुजाता पर्स खांद्याला लावून दारात उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, दोन्ही नाही का घेता येणार? कॉम्प्युटर तर घ्यायलाच हवा. पण हिला आता हेही हवंय, घरी गेल्यावर माझं डोकं खाणार ही."

वसुंधरा मॅडमनी लगेच काही कबूल केलं नाही. आठवडाभराने, आणखी काही आयांनी हाच प्रश्न त्यांना जाऊन विचारल्यावर, निरोप आला. शाळा भरण्याआधीचा तास फ्रेंचला. जागा, कॉम्प्युटरच्या खोलीबाहेरचा व्हरांडा. येईल ती येईल. इंदुताईंना रोज तासभर आधी घर सोडावं लागणार होतं. निरोप वाचून त्यांनी तो गौरीपुढे ठेवला. देवाचं त्या फारसं करत नसत. मी दिव्यात तेल घातलं.

अक्षय्यतृतीयेला गौर सासरी जायला निघाली. मी झोपाळा उतरवत होते तेव्हा इंदुताई आल्या. जरा घोटाळल्या, मग म्हणाल्या, "वहिनी, त्या पाचजणी मला द्याल? जूनमध्ये लागतील."

माहेरवाशिणीला रिकामं कसं पाठवणार? मी पाचीजणींना कुंकू लावलं, चिमटी-चिमटी तांदळाने ओट्या भरल्या, आणि बत्ताशाच्या डब्यात निजवून त्यांच्या हाती दिल्या. एरवी अशा गोष्टींना हसणारी बाई, पण डबा त्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

पावसाळ्यात मी एकदा इंदुताईंचा घरी विसरलेला डबा द्यायला शाळेत गेले होते. व्हरांड्यात कॉम्प्युटरच्या जादा तासाला आलेल्या मुलींच्या चपलांची रांग, आणि त्या रांगेशेजारी सतरंजीवर इंदुताईंचा वर्ग. कॉम्प्युटरचं दार उघडलं की गार हवेची झुळूक बाहेर यायची आणि मुली "आऽऽ" करायच्या. इंदुताईंच्या हातात शेंदरी फडकंवाली होती. मागे एका मुलीला काहीतरी हसू आलं. मी वाट बघत होते, आता ओरडतील. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "काय झालं? आम्हालाही सांग." मी डबा खिडकीत ठेवून आवाज न करता परत आले.

पुढच्या चैत्रात गौर बसवायच्या आदल्या दिवशी दार वाजलं. रसिका आणि आणखी चारजणी, आपापल्या हातात एकेक बाहुली. स्पेनच्या बाईची जाळी फाटली होती, जर्मनीचा एक हात डिंकाने चिकटवलेला होता. "टीचरनी पाठवलंय," रसिका म्हणाली. "म्हणाल्या, महिनाभर माहेरी राहू द्या. पण अक्षय्यतृतीयेला परत पाठवा, नाहीतर आमचा वर्ग अडतो."

मी त्यांना आत घेतलं. आधी पाची बाहुल्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, मग मुलींना पन्हं दिलं.